जागा नाही म्हणतात त्या शहरात घर बांधायचंय

ही गच्ची बघा. पाण्याची टाकी, दोरीवर वाळत घातलेले कपडे, आणि चारी कोपऱ्यांतून वर आलेल्या या गंजक्या सळया. घर बांधतानाच कॉलमच्या सळया हातभर वर सोडून ठेवायच्या, म्हणजे पुढेमागे पैसा जमला की मजला चढवता येतो, हा हिशोब जगात जिकडेतिकडे केलेला दिसतो. मेक्सिकोत तर यांना नावच आहे, आशेच्या सळया. आता होतं काय, पोरं मोठी होतात, त्यांची लग्नं होतात, आणि सळया आहेत तिथेच पाऊस खात उभ्या.

आणि त्या पोरांना आता घर हवंय. मोकळा प्लॉट शोधायला निघालं तर शहर भरलेलंच दिसणार, पण एखाद्या उंच इमारतीवरून खाली बघा ना, एकमजली घरं, परसात अडगळ भरलेली गॅरेजं, दोन इमारतींमधल्या फटी, बंद पडलेले कारखाने, बराकी. माती भरपूर आहे. तिच्यावर आणखी एक घर बांधायची परवानगी नाही, नाहीतर ती जमीन एकट्याच्या खिशाला झेपत नाही. या दोन वेगळ्या अडचणी आहेत, उपायही वेगळे, पण आपण दोन्हींची खिचडी करतो आणि मग वर्षभर नुसत्या प्लॉटच्या जाहिराती चाळत बसतो.

परवानगीचं आधी बघू. अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये एका घराला कमीत कमी 5000 चौरस फूट प्लॉट हवा असा नियम होता, 1998 साली शहराच्या आतल्या भागासाठी ही मर्यादा 1400 पर्यंत खाली आणायची मुभा दिली. झालं, जिथे एक बैठं घर होतं तिथे तीन-तीन उभी घरं लागून उभी राहायला लागली. जमीन एक इंचसुद्धा वाढली नव्हती. म्हणून मला विचाराल तर घराचा शोध नकाशाच्या आधी नियमावलीतून सुरू करावा, आपल्या प्लॉटला एफएसआय किती, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं, तो वापरून झालाय किती, सेटबॅक, म्हणजे कडेची मोकळी जागा, किती सोडायचे. कंटाळवाणं काम आहे, पण एखादी खोली तिथेच सापडते.

आता डोक्यावरची जागा. परत त्या सळयांकडे येऊ. मजला चढवणं म्हणजे काय वजन आहे ते जरा बघा, काँक्रीट घनमीटरला साधारण 2500 किलो, पाच इंची स्लॅब धरला तर चौरस मीटरला 300 किलोच्या वर जातो, म्हणजे 1000 चौरस फुटांचा नुसता स्लॅबच 29-30 टन, भिंती, फरशी, टाकी, माणसं अजून धरलीच नाहीयेत, आणि हे सगळं खालच्या कॉलममधून घराच्या पायात उतरणार. त्यामुळे नीट काम करणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर गच्चीवर जायच्या आधी खाली जातो. कॉलमशेजारी खड्डा घ्यायला लावतो, फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा रुंद तळ, उघडं करून त्याला टेप लावतो, काँक्रीटमधून मनगटाएवढा गोल तुकडा कापून लॅबला पाठवतो. आणि सळयांवरचा गंज तारेच्या ब्रशने झाडून आत सळई किती जाड उरलीय ते मोजतो. जास्त खाल्ली असेल तर तिच्या भरवशावर काही चढवायचं नाही, ड्रिलने भोक पाडून केमिकल भरून नवीन सळई बसवायची. चार ठोके मारून 'एकदम मजबूत आहे साहेब, बिनधास्त चढवा' म्हणणारा ठेकेदार तुम्हाला भेटेलच, त्याला चहा पाजा आणि जाऊ द्या.

पाया झेपणार नाही असं निघालं तरी वाट बंद होतेच असं नाही, वरचा मजला हलका करता येतो, स्टीलची नाहीतर लाकडाची फ्रेम आणि पॅनेलच्या भिंती. अर्थात इंजिनिअर हो म्हणाला तरच.

जुनं पाडून नवीन बांधायचं हा पर्याय सगळ्यांना सुचतो, त्यातली मेख मात्र पाडून झाल्यावर कळते. जुनं घर जुन्या नियमांत, पार कुंपणाला टेकून बांधलेलं असतं. पाडलं की आजचे नियम लागू, चारी बाजूंनी जागा सोडा. लहान प्लॉटवर नवीन घराचा तळमजला जुन्यापेक्षा लहान होऊन बसतो, आणि बांधकाम चालू असेपर्यंतचं भाडं वेगळंच. आधी कागदावर पाडून बघा.

मग येतं परस. कॅनडातल्या व्हँकूव्हरमध्ये घरांच्या मागच्या बाजूला बोळ असतात आणि बोळाच्या तोंडाशी गॅरेज. 2009 पासून तिथे गॅरेजच्या जागी छोटं स्वतंत्र घर बांधायला परवानगी मिळाली. आईवडील मागे, मुलगा पुढे, नाहीतर उलट. ऐकायला गोड वाटतं, पण परसातल्या घराचं घोडं अडतं ते ड्रेनेजपाशी. चार इंची पाइपला साधारण 60 ला 1 उतार धरला तर 30 मीटर लांब रस्त्यावरच्या चेंबरला जायला पाइप अर्धा मीटर खाली उतरायला हवा, मागची जमीन पुढच्यापेक्षा खोलगट असेल तर मग पंप आला, पंप आला की वीज गेल्यावर काय हा प्रश्न आला. नकाशावर घर मस्त बसलेलं असतं आणि पाणी वर चढत नाही. जमिनीची लेव्हल, म्हणजे कुठे उंच कुठे खोल ते, मोजून घेतल्याशिवाय आर्किटेक्टला खिडक्यांबद्दल काही बोलूच नये.

आणि ज्या तुकड्याकडे कोणी ढुंकून बघत नाही तो? टोकियो. 1966 साल. ताकामित्सु अझुमा नावाच्या आर्किटेक्टने रस्त्याकडेचा एक तिरपा तुकडा घेतला, सुमारे 20 चौरस मीटर, म्हणजे 215 चौरस फूट. लोकांचा हॉल असतो एवढा. त्यावर त्याने बायको आणि मुलीसोबत राहायला काँक्रीटचं घर उभं केलं, एक तळघर आणि वर पाच मजले, सगळं मिळून 65 चौरस मीटरच्या आसपास. आत शिरायचा दरवाजा सोडला तर घरात कुठेच दार नाही, बाथरूमलाही नाही. आडोसा हवा असेल तर जिना चढून वर जायचं, मजला बदलला की खोली बदलली. शहर सोडून लांब जायचं नाही एवढं एकच त्यांनी ठरवलेलं होतं, त्याची ही किंमत. प्रत्येकाला हे जमणार नाही, गुडघे दुखणाऱ्यांनी तर विचारही करू नये. अशा प्लॉटवर जिनाच मजल्याचा मोठा घास खातो, वर क्रेन उभी करायला जागा नाही, शेजाऱ्याच्या भिंतीला धक्का न लावता पाया खणायचा, त्यामुळे जमीन स्वस्त पडली तरी बांधकाम चौरस फुटाला महागच पडतं.

बरं, परवानगी आहे पण पैसा नाही, ही दुसरी अडचण. जर्मनीतल्या ट्युबिंगेन शहरातून 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रेंच सैन्य गेलं आणि बराकींची जमीन मोकळी झाली. ती सगळी एकगठ्ठा बिल्डरला देण्यापेक्षा शहराने लहान लहान प्लॉट पाडले आणि घर हवंय अशा कुटुंबांच्या गटांना दिले, ठरलेल्या भावात, कोणाचा आराखडा चांगला ते बघून. आठ-दहा कुटुंबं एकत्र येणार, आर्किटेक्ट नेमणार, एकच इमारत बांधणार आणि आपापला फ्लॅट घेणार. बिल्डरचा नफा वाचतो. त्याच्या बदल्यात डोकं मात्र खर्च होतं, कारण वरचा मजला सगळ्यांनाच हवा असतो, टाइल्सवरून तीन मीटिंगा होतात, आणि निम्म्यात कोणीतरी म्हणतं आम्ही बाहेर पडतोय. बाहेर पडणाऱ्याचे पैसे कधी आणि कुठून परत द्यायचे हे पहिल्याच मीटिंगमध्ये, सगळे एकमेकांशी गोड बोलत असतात तेव्हाच, कागदावर लिहून घ्या.

जमीन विकतच घेतली पाहिजे असंही काही नाहीये. सिंगापूरमध्ये 1960 साली सरकारी गृहनिर्माण मंडळ सुरू झालं, आज तिथले सुमारे 80 टक्के रहिवासी त्या मंडळाच्या घरांत राहतात, आणि ही घरं 99 वर्षांच्या लीजवर असतात, जमीन सरकारचीच. प्रवेश स्वस्तात होतो, फक्त लीजची वर्षं संपत आली की घराची किंमत उतरत जाते हे लक्षात ठेवायचं. अॅमस्टरडॅममध्ये तर जमीनच वगळली, काँक्रीटच्या तरंगत्या टबवर घरं बांधली आणि खांबांना अडकवून ठेवली. शांत पाणी आणि पक्के नियम असतील तर ठीक, नाहीतर नाद करू नका.

लांब जाऊन प्लॉट घ्यायचा हा तर सगळ्यांचा हुकमी सल्ला. फक्त रोज जाऊन-येऊन तीन तास धरा, महिन्याला 25 दिवस, म्हणजे 75 तास, वर्षाला 900. ते घराच्या किमतीत कोणी धरत नाही.

शेवटी चिलीमधलं इकीके. तिथे गावाच्या मध्यावरच्या अर्ध्या हेक्टरवर सुमारे 100 कुटुंबं तीसेक वर्षं झोपड्या घालून राहत होती. जमीन एवढी महाग की सरकारी नियमाने त्यांना गावाबाहेरच फेकलं असतं. सरकारी मदत कुटुंबामागे 7,500 डॉलर, जमीन आणि बांधकाम दोन्ही त्यातच. आर्किटेक्ट अलेहांद्रो अरावेना आणि त्याच्या टीमने हिशोब मांडला, पुरं घर होत नाही, मग अर्धंच बांधू. पण कुठलं अर्धं? तर जे कुटुंबाला स्वतःच्या हाताने करता येणार नाही ते, म्हणजे पाया, मधल्या भक्कम भिंती, जिना, बाथरूम, स्वयंपाकघर. प्रत्येक घराशेजारी घराएवढीच मोकळी फट सोडली. 2004 मध्ये लोक राहायला आले आणि लगेच फटी भरायला लागले, कोणी फळ्या लावून, कोणी विटा रचून, कोणी जुन्या झोपडीचेच पत्रे आणून. एका रांगेत निळी खोली, तिच्या शेजारी पिवळी, पुढे एक फट अजून रिकामीच, आणि तिच्यात ठोकलेल्या खिळ्यांना बांधलेली कपड्यांची दोरी.