डेंगीची प्रतिपिंडं झिकाला का चिकटतात?

(पडद्यावर: बेलसर, ता. पुरंदर)

जुलै २०२१. पुणे जिल्ह्यातल्या बेलसरमध्ये महाराष्ट्रातला पहिला झिकाचा रुग्ण सापडला. निदान केलं आरटी-पीसीआरनं, म्हणजे थेट विषाणूचा आरएनए (त्याचं जनुकीय द्रव्य) शोधून. नुसत्या प्रतिपिंडांवर भिस्त ठेवली असती, तर डेंगी की झिका हे सांगणं अवघड गेलं असतं.

दोघंही फ्लॅविव्हायरस. जपानी मेंदूज्वर आणि पीतज्वरही याच कुळातले. त्यांच्या कवचावर 'ई' प्रथिन असतं आणि त्याच्या टोकाशी असतो फ्यूजन लूप. पेशीत शिरताना विषाणू हाच भाग तिच्या पटलात रोवतो. त्यात बदल झाला तर शिरकावच फसतो, म्हणून तो सगळ्या कुळात जवळपास सारखा राहिलाय. त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं चिकटतात सगळ्यांना, निकामी मात्र फारसं कुणाला करत नाहीत. चिकुनगुन्याही डासांमुळेच होतो, पण तो अल्फाव्हायरस, म्हणजे वेगळ्या कुळातला. तिथे हा घोळ नाही.

(पडद्यावर: पेशींची प्लेट)

एलायझा ही प्रतिपिंडांची नेहमीची रक्तचाचणी फक्त चिकटणं मोजते. निकामी करण्याची ताकद मोजायची तर प्लाक चाचणी लागते. सीरम (रक्तातला पेशींविरहित द्रव, यातच प्रतिपिंडं असतात) ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवतात, नाहीतर त्यातली कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनंच विषाणूला मारतात आणि आकडा फुगतो. मग ते पायरीपायरीनं पातळ करून ठरावीक विषाणूंबरोबर ३७ अंशांवर तासभर ठेवतात आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या व्हेरो पेशींवर ओततात. वर घट्टसर थर देतात, म्हणजे विषाणू लांब पसरत नाही. काही दिवसांनी रंग दिला की मेलेल्या पेशींच्या जागी पांढरी भोकं दिसतात. ती मोजायची. सीरम किती पट पातळ केलं तरी परिणाम दिसतो, तो आकडा म्हणजे टायटर. झिकाचा टायटर डेंगीच्या चौपट भरला, तर कौल झिकाच्या बाजूनं.

पण हेही नेहमी जमत नाही. आधी डेंगी होऊन गेलेला असेल, तर झिकाच्या संसर्गात जुन्या स्मृतिपेशी आधी जाग्या होतात आणि डेंगीचाच टायटर उसळतो. अशा वेळी अहवालात 'फ्लॅविव्हायरस, प्रकार अनिश्चित' लिहिणंच प्रामाणिकपणाचं.

अर्धवट प्रतिपिंडं उलटतातही. पुरेशी नसली की विषाणूला चिकटून त्याला एफसी ग्राहकांमार्फत (प्रतिपिंडांची शेपटी पकडणारी पेशीवरची प्रथिनं) मॅक्रोफेज या भक्षक पेशींमध्ये पोचवतात आणि तिथे तो वाढतो. निकाराग्वातल्या मुलांच्या २०१७च्या अभ्यासात तीव्र डेंगीचा धोका सर्वाधिक होता तो १:२१ ते १:८० या मधल्या टायटरला. त्याहून कमी किंवा जास्त असताना नाही.

निदानासाठी प्रतिपिंडांवर अशी भिस्त ठेवता येत नाही, म्हणून आरएनए सापडावा यासाठी रक्त तापाच्या पहिल्या पाच दिवसांत घ्यावं. झिकाची शंका असेल तर लघवीही घ्यावी, तिथे आरएनए जास्त दिवस सापडतो. फॉर्मवर ताप सुरू झाल्याची तारीख हवीच. जपानी मेंदूज्वराची किंवा पीतज्वराची लस घेतली असेल तर तिची नोंदही.