जिन्याखालची चेतक घरीच चालू करताना

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय ते स्कूटरबद्दल, आणि त्यातही टू-स्ट्रोक, म्हणजे पिस्टनच्या दर वर-खाली फेरीला एकदा पेट्रोल जळतं अशा इंजिनाच्या स्कूटरबद्दल. चेतक, सुपर, एलएमएल, साताऱ्यात तयार व्हायची ती प्रिया, या गाड्या अजून कितीतरी घरांच्या जिन्याखाली किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात कव्हर टाकून उभ्या आहेत, आणि हल्ली तरुण मुलं त्या बाहेर काढतायत, घरीच दुरुस्त करतायत, हे बघून मला फार बरं वाटतं. चेतक आली १९७२ साली, राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन, आणि त्या काळात नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायला लागायचं. त्यामुळे ज्यांच्या घरी ही गाडी आली त्यांनी ती जिवापाड जपली.

इंजिन केवढंसं, तर ५७ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ५७ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टन सरकतो ते अंतर), म्हणजे साधारण १४५ सीसी. त्यात व्हॉल्व्ह नाही, कॅम नाही, टायमिंग चेन नाही, ऑइलचा पंपसुद्धा नाही. क्रँक, कनेक्टिंग रॉड आणि पिस्टन एवढंच हलतं. म्हणून घरी शिकायला याच्यासारखं इंजिन नाही असं माझं ठाम मत आहे. पण एक गोष्ट पहिल्यांदाच सांगतो, गाडी आधी कंपनीतून निघाली तशी करा आणि मगच तिच्यात काय वाढवायचं ते बघा. कारण बहुतेक जण उलटं करतात, गाडी मिसिंग मारत, म्हणजे झटके खात असते, क्लच घसरत असतो आणि मालक मोठा कार्बुरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) शोधत फिरत असतो.

सुरुवात स्पार्क प्लगपासून करा, इंजिनात ठिणगी पाडतो तो. गाडी चांगली चार-पाच किलोमीटर फिरवून आणा, बंद करा, प्लग गार होऊ द्या आणि काढून बघा. टोक कॉफीच्या रंगाचं असेल तर आतलं जळण ठीक चाललंय. काळंभोर आणि ओलसर असेल तर पेट्रोल जास्त येतंय किंवा ऑइल जास्त पडतंय किंवा करंट कमजोर आहे. आणि पांढराफटक असेल तर गाडी लगेच थांबवा, कारण याचा अर्थ मिक्श्चर पातळ झालंय, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, इंजिन तापतंय आणि हे असंच चालवलं तर एक दिवस कात्रजच्या चढावर पिस्टन धरणार, म्हणजे सिलिंडरमधे जाम होणार. प्लगचा गॅप ०.६ मिलिमीटर ठेवा, पन्नास-शंभर रुपयांचं फिलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या) मिळतं, ते घ्या, अंदाजाने नखाएवढा गॅप वगैरे नको.

पातळ कशामुळे होतं? एक तर कार्बुरेटरच्या जेटमधे, म्हणजे पेट्रोल मापून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यात, कचरा. कार्बुरेटर उघडला की जेट काढून फुंकर मारा किंवा कॉम्प्रेसरची हवा मारा, पण त्यात तार घालू नका, कारण ते भोक मापाचं असतं आणि तारेने मोठं झालं की नवीन जेट घेतल्याशिवाय गाडी सेट होत नाही. दुसरं कारण जास्त गंभीर आहे, ते म्हणजे क्रँकचं ऑइल सील. मॅग्नेटच्या (फिरून करंट तयार करणाऱ्या पंख्याच्या चाकाच्या) बाजूचं सील गेलं की तिथून फुकटची हवा आत येते, गाडी आपोआप रेस होते, स्लो काही केल्या बसत नाही, आणि लोक बिचारे स्क्रू फिरवत बसतात. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर वेगळंच दिसतं, इंजिन गिअरचं ऑइल ओढून घेतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबता थांबत नाही आणि गिअरबॉक्समधलं ऑइल कमी होत जातं. त्यात ऑइल असतंच मुळात पाव लिटर, तेव्हा धुराची गाडी आली की आधी ती लेव्हल बघा, पिस्टन रिंगांवर खर्च नंतर.

आता पेट्रोलमधल्या ऑइलचं. हे इंजिन पेट्रोलमधल्या ऑइलवरच जगतं, बेअरिंगला दुसरीकडून थेंबही मिळत नाही. लिटरमागे २० मिली टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑइल, म्हणजे पन्नासला एक. काही मंडळी म्हणतात जास्त टाकलं की इंजिनाला जास्त चांगलं, तर तसं नाही. जास्त ऑइल म्हणजे तेवढंच पेट्रोल कमी, म्हणजे मिक्श्चर उलट पातळच होतं, शिवाय प्लग काळा आणि सायलेन्सर चोक. सायलेन्सर चोक झाला की गाडी सपाटीला बरी वाटते पण चढाला दम टाकते, पिकअप गेलेला असतो, आणि मालकाला वाटतं बोअर गेलं, म्हणजे सिलिंडर झिजला. सायलेन्सर काढून फक्त मागच्या नळीत तार घालून बघितलंत तरी कळतं. कार्बन काढायला लोक कॉस्टिक सोडा वापरतात. तो वापरायचाच तर फक्त लोखंडी सायलेन्सरला, मोकळ्या जागेत, रबरी हातमोजे आणि चष्मा घालून. हेड आणि पिस्टन ॲल्युमिनियमचे असतात, त्यांना तो खाऊन टाकतो. त्यांचा कार्बन लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडायचा, डिसमिस लावायचा नाही.

गाडी वाकडी करून किक मारण्याची जी आपली जुनी सवय, तिच्यामागे काही जादू नाही. गाडी आडवी झाली की कार्बुरेटरमधलं पेट्रोल सरकतं आणि तेवढ्यापुरतं मिक्श्चर घट्ट होतं, म्हणजे चोकचं काम आपण गाडीकडून करून घेतो. मग चोकची वायर बघा ना, बऱ्याच वेळा ती तुटलेली किंवा ढिली असते, नाहीतर फ्लोटची (कार्बुरेटरमधल्या पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंग्याची) सुई झिजलेली असते. आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून ती स्लोवर आपोआप बंद होऊ द्या. हल्ली पेट्रोलमधे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुन्या रबराला ते सोसत नाही, पेट्रोलची नळी फुगते, चिकट होते, आणि इथेनॉल हवेतलं पाणीही ओढतं. म्हणून नळी, सुईचं टोक, वायसर हे सगळं एकदा नवीन घालून टाका, फार पैसे लागत नाहीत. पुण्यात असाल तर नाना पेठेत एका फेरीत काम होतं, फक्त जुना पार्ट खिशात घेऊन जा, नुसतं चेतकचा पार्ट द्या म्हणालात तर दुकानदार दहा प्रश्न विचारणार, आणि त्याचं बरोबरच आहे, पॉइंटची (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्काची) का इलेक्ट्रॉनिक, सहा व्होल्ट का बारा, सगळं वेगळं येतं.

पॉइंटची गाडी असेल तर थोडा जास्त वेळ द्यायला लागेल, पण मला स्वतःला याच कामात सगळ्यात जास्त मजा येते. पंख्याचं कव्हर काढलं की मॅग्नेटच्या खिडकीतून पॉइंट दिसतो. तो पूर्ण उघडला की गॅप ०.३ ते ०.५ मिलिमीटरच्या मधे पाहिजे. पॉइंट जळून खड्डे पडले असतील आणि साफ केल्यावर पुन्हा लगेच पडत असतील तर दोष कंडेन्सरचा, म्हणजे पॉइंटवरची ठिणगी शोषणाऱ्या छोट्या डबीचा असतो. गाडी गरम झाली की बंद पडते आणि अर्ध्या तासाने पहिल्या किकला चालू होते, तेव्हाही कंडेन्सर किंवा कॉइलवरच संशय घ्यायचा. पॉइंट बसवलेली मॅग्नेटमागची प्लेट काढायची वेळ आली तर आधी डिसमिसने प्लेटवर आणि केसिंगवर मिळून एक रेघ ओढून ठेवा, नाहीतर ठिणगीचं टायमिंग हलतं आणि मग शोधत बसावं लागतं. मॅग्नेट काढायला पुलर लागतो, हातोडी नको, पाती तुटतात. आणि ते पंख्याचं कव्हर परत बसवायला विसरू नका, इंजिनावर वारा त्याच्यातूनच जातो, कव्हर काढून गाडी दहा मिनिटं रेस केली तर नुसतीच तापते.

चाकाचं एक सांगतो, हे अगदी कानावर घ्या. चाकाची रिम दोन भागांची असते आणि ते दोन भाग नटांनी जोडलेले असतात. चाक गाडीवरून उतरवायचे नट वेगळे आणि रिमचे नट वेगळे. रिमचे नट उघडण्याआधी ट्यूबमधली हवा पूर्ण काढायचीच, नाहीतर रिम उडून हाताला किंवा तोंडाला लागते. आणि मागच्या ड्रमचा मोठा नट काढलात तर त्यातली स्प्लिट पिन दर वेळी नवीन घाला, दोन रुपयांच्या पिनेवर मागचं चाक अवलंबून असतं. ब्रेकची धूळ तोंडाने फुंकू नका, जुन्या लायनरमधे ॲस्बेस्टॉस असायचं, ओल्या फडक्याने पुसा.

आता अपग्रेड. मला विचाराल तर पहिला पैसा ब्रेक शू, केबल आणि टायरवर, दुसरा लाइटवर. सहा व्होल्टचा तो पिवळा मिणमिणता उजेड आजच्या ट्रॅफिकमधे खरोखर धोक्याचा आहे. बारा व्होल्टचा इलेक्ट्रॉनिक सेट बसतो, त्यात प्लेट, मॅग्नेट आणि सीडीआय (ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) सगळं बदलायचं असतं, पण घेण्याआधी तुमच्या क्रँकचा टेपर (टोकाचा निमुळता उतार) आणि नवीन मॅग्नेटचा टेपर जुळतोय का ते दुकानात क्रँकचा फोटो आणि माप दाखवून विचारा. एलईडी बल्ब लावायचा तर रेग्युलेटर लावाच, नाहीतर रेस केली की बल्ब जातो. दहा इंची ट्यूबलेस रिमही मिळतात, पंक्चरचा त्रास बराच कमी होतो.

मोठं बोअर, मोठा आवाज करणारा सायलेन्सर या गोष्टी मला अजिबात पटत नाहीत. ड्रम ब्रेक तेच, चेसिस तेच, नुसता वेग वाढवून काय करायचं? शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आरसीवर लिहिलेल्या गाडीत मनाने असे बदल करता येत नाहीत, आणि पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन नवं करायला गाडी आरटीओत न्यावी लागते, तेव्हा हे सगळं उघडं पडतं.

क्रँकचं बेअरिंग आणि बोअर मारणं (सिलिंडर आतून कातणं) हे मात्र घरी करू नका, ते लेथवाल्याचं काम. त्याच्याकडे सिलिंडर देताना नवीन पिस्टन बरोबर द्या आणि त्या पिस्टनच्या मापाने बोअर मार असं सांगा, आधी बोअर मारून नंतर पिस्टन शोधायचा नाही. परत आल्यावर पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांच्या, कडा हाताने तपासा, धारदार राहिल्या असतील तर त्याच्याकडूनच हलक्या घासून घ्या, नाहीतर रिंगा पहिल्याच आठवड्यात अडकून तुटतात. आणि मग पहिले काही दिवस फुल रेस नाही, डबलसीट नाही, घाट नाही.