जर्मनीत नवी नोकरी: आधी पत्ता, मग पगार

नमस्कार मंडळी. ऑफर लेटर आलं, व्हिसा झाला, बॅगेत मेतकूट आणि भडंगही गेलं. आता तिथल्या पहिल्या महिन्याचं बोलू.

पहिलं काम ऑफिसातलं नाही, पत्त्याचं. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नागरी कार्यालयात पत्ता नोंदवायचा. याला 'आनमेल्डुंग' म्हणतात. पासपोर्टसोबत घरमालकाच्या सहीचा एक ठरावीक फॉर्म लागतो, नुसता भाडेकरार चालत नाही. बरेच जण इथेच अडकतात. म्हणून घर ठरवतानाच विचारा, "आनमेल्डुंगचा फॉर्म देणार ना?" मालक टाळाटाळ करत असेल तर घर कितीही छान असो, सोडा. बर्लिनमध्ये अपॉइंटमेंट पटकन मिळत नाही, पण कुणी रद्द केलेल्या वेळा साइटवर परत दिसतात. दिवसातून दोनतीनदा बघत राहा.

नोंद झाली की 11 आकडी कर क्रमांक पोस्टाने येतो, ईमेलने नाही.

[स्क्रीनवर: इमारतीच्या दारातल्या टपालपेट्या]

या पेटीवर तुमचं आडनाव हवं. फ्लॅट नंबर बघून पत्र टाकायची तिथे पद्धत नाही. पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव राहिलं, तर पत्र आलं तसं परत जातं. चाव्या मिळाल्या त्याच दिवशी चिठ्ठी चिकटवा. कर क्रमांक वेळेत मिळाला नाही, तर कंपनी तुम्हाला सहाव्या करवर्गात टाकू शकते, म्हणजे सर्वांत जास्त कपात. पैसे बुडत नाहीत, पुढे हिशोबात परत मिळतात. पण डिपॉझिट भरायच्या महिन्यातच हात आखडतो.

आरोग्य विम्यासाठी टीके, एओके, बार्मर अशा सरकारमान्य संस्थांपैकी एक निवडून तिचं नाव रुजू होण्याआधी एचआरला कळवा. एजंट खासगी विमा स्वस्त म्हणून गळ्यात मारतात. तिथून परत फिरणं अवघड असतं, घाई नको.

आता ऑफिस. टीममध्ये कुणी पोलंडचा, कुणी ब्राझीलची, कुणी तुर्कीचा. सगळ्यांचं इंग्रजी शिकलेलं, आपलंही. गंमत अशी की आपलं इंग्रजी मराठी वळणाचं असतं हे आपल्याला कळतच नाही. "आय हॅव अ डाउट" म्हणालात, तर समोरच्याला वाटतं तुमचा त्याच्या बोलण्यावर विश्वास नाही. 'क्वेश्चन' म्हणा. "डू द नीडफुल" तर बहुतेकांना कळतच नाही.

सगळ्यात महाग पडतं ते "आय विल ट्राय". आपल्याकडे 'बघतो' म्हणजे बहुतेक नाहीच, हे दोघांनाही ठाऊक असतं. तिथे तो होकार समजून पुढचं वेळापत्रक ठरतं. त्यापेक्षा सांगा, "गुरुवारी 4 पर्यंत निम्मं देतो, उरलेलं डेटा मिळाल्यावर दोन दिवसांत." नकार आधी दिला तर राग येत नाही, शेवटच्या दिवशी दिला तर येतो.

[स्क्रीनवर: हाल्ब द्राय = 2:30]

जर्मन माणूस 'हाल्ब द्राय' म्हणाला की साडेतीन समजू नका, ते अडीच. आपण 'पावणेतीन' म्हणताना पुढच्या तासाकडे बघतो ना, तसंच. आकड्यांचंही उलटं: 1.250 युरो म्हणजे साडेबाराशे, आणि 1,25 म्हणजे सव्वा. एक्सेलमध्ये ही चूक हमखास होते.

प्रोबेशन जास्तीत जास्त 6 महिने. त्या काळात साधारणपणे दोन आठवड्यांच्या नोटिशीवर कंपनीही काढू शकते, तुम्हीही सोडू शकता. आपल्याकडच्या 90 दिवसांची सवय असलेल्यांना हे धक्कादायक वाटतं. सुट्टी कायद्याने पाच दिवसांच्या आठवड्याला किमान 20 दिवस, पण पूर्ण हक्क सहा महिन्यांनंतरच.

आजारी पडलात तर पहिल्याच दिवशी, काम सुरू व्हायच्या आधी कळवायचं. तीन दिवसांच्या वर गेलं तर डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं, आणि यात शनिवार-रविवारही मोजतात. करारात आधीच मागितलं असू शकतं, वाचून ठेवा. काय झालंय ते सांगायची मात्र गरज नाही. पोट बिघडल्याचं वर्णन साहेबाला नको असतं.

आणि हो, पहिल्याच महिन्यात वाढदिवस आला तर केक तुम्हीच न्यायचा. दुसऱ्या कुणाचा असेल तर शुभेच्छा आदल्या दिवशी देऊ नका, तिथे तो अपशकुन मानतात.