फोनातली बाई आणि आजींची प्रार्थना

श्रोतेहो, नमस्कार.

आज एका ॲपबद्दल बोलायचं आहे. वयस्कर माणसांसाठीचं, बोलून चालवायचं, आणि देवाधर्माचं ॲप. म्हणजे चष्मा शोधून बटणं दाबत बसायचं नाही. फोनला हाक मारायची आणि सांगायचं, "सकाळची प्रार्थना लाव", "काल थांबलो होतो तिथून पुढे वाच", "उपवास कधी आहे गं?" की तो उत्तर देणार. असं ॲप करणाऱ्या एका छोट्या गटात मी आहे. माझं काम एवढंच, की फोनातली बाई जे बोलते ती वाक्यं लिहायची. बाई म्हणजे आवाज बाईचा आहे म्हणून. आत बाई नाही. हे मला पुढच्या गोष्टीसाठी सांगून ठेवायला हवं.

तर वाक्यं लिहिताना मला वाटलं होतं, अवघड काम आहे ते काय बोलायचं हे ठरवण्याचं. तसं नव्हतं. अवघड होतं ते कधी बोलायचं नाही हे ठरवणं. पुन्हा सांगतो, कधी बोलायचं नाही. हे मला एका आजींनी शिकवलं. त्यांचं नाव घेत नाही, आपण आजीच म्हणू.

ऐंशीच्या पुढच्या. ताठ बसणाऱ्या, हळू बोलणाऱ्या. आम्ही तिघं त्यांच्याकडे फोन घेऊन गेलो. फोन समोर उभा करून ठेवला आणि म्हटलं, "आजी, तुम्ही रोज करता तशी प्रार्थना करा. आम्ही नाही आहोत असं समजा." त्या म्हणाल्या, "तुम्ही आहात तर नाही कसं समजू?" पण बसल्या. हात जोडले, डोळे मिटले.

पहिलं वाक्य झालं. मग त्या थांबल्या. थांबल्या म्हणजे काय, मनात काहीतरी चाललं होतं. ओठ हलत होते. आणि तेवढ्यात फोनातली बाई म्हणाली, "माफ करा, मला समजलं नाही. पुन्हा सांगाल का?"

आजींनी डोळे उघडले, आमच्याकडे पाहिलं, पुन्हा मिटले. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पुन्हा त्याच जागी थांबल्या. बाई म्हणाली, "तुम्ही अजून आहात का?"

आजी म्हणाल्या, "आहे गं बाई. अजून आहे."

आम्हाला हसू आवरेना. पण वाक्यं माझीच होती ना! "तुम्ही अजून आहात का" हे ऐंशी ओलांडलेल्या माणसाला विचारायचं वाक्य आहे का? मी ते कागदावर लिहिलं तेव्हा फार नम्र वाटलं होतं.

आता असं का होतं ते थोडक्यात सांगतो. यंत्राला आपलं बोलणं संपलं हे कळतं ते शांततेवरून. आवाज थांबला, सेकंदभर गेला, की ते ठरवतं, माणसाचं झालं, आता माझी पाळी. यात यंत्राचा दोष नाही. आपणही तेच करतो. २००९ साली दहा भाषांतल्या गप्पांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात प्रश्न आणि उत्तर यांच्यातलं अंतर सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास निघालं. म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा! गप्पांत माणूस इतका घाईचा असतो. पण प्रार्थना म्हणजे गप्पा नव्हेत. तिथे शांतता आली म्हणजे बोलणं संपलं असं नसतं. उलट कित्येकदा तिथेच ते सुरू होतं.

(जाता जाता. हल्लीची मुलं आवाजी निरोपसुद्धा दुप्पट वेगाने ऐकतात. आईचा निरोप दुप्पट वेगाने! मला हे पटत नाही. असो.)

परत आजींकडे. तिसऱ्या खेपेला त्यांनी काय केलं असेल? प्रार्थनेचा वेग वाढवला. जिथे थांबायच्या तिथे थांबेनात. भराभरा, एका श्वासात सगळं म्हणून टाकलं, शाळेत पाढे म्हणावेत तसं. आणि शेवटी खणखणीत आवाजात म्हणाल्या, "झालं!" बाईला कळावं म्हणून. प्रार्थना करता करता एवढं म्हातारं माणूस फोनच्या तालावर आलं होतं. ते पाहून मला खरंच लाज वाटली.

पण आमच्यातला एक जण खूश. तो म्हणाला, मिळालं! "झालं" हाच शेवटचा शब्द ठरवू. "झालं" म्हणेपर्यंत बाईने तोंड उघडायचं नाही. आम्ही तसं करून आणलं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. आजी आता निवांत. थांबत, श्वास घेत, नावं घेत चालल्या होत्या. मुलाचं नाव, सुनेचं नाव, नातवंडांची नावं. फोन गप्प. आम्ही एकमेकांकडे बघून मान डोलावली. आणि मग आजी म्हणाल्या, "हातून काही चुकीचं झालं..."

बाई म्हणाली, "तुमची प्रार्थना पूर्ण झाली. धन्यवाद!"

"...असेल तर पोटात घाल," आजींनी वाक्य पूर्ण केलं. आणि डोळे न उघडता, त्याच सुरात, त्याच भक्तीने पुढे म्हणाल्या, "आणि ह्या फोनातल्या बाईलाही सुबुद्धी दे. तिला दम निघत नाही."

श्रोतेहो, वाक्यं लिहिणाऱ्याच्या आयुष्यात असा अभिप्राय एकदाच येतो.

मग आम्ही बटण लावायचं म्हटलं. संपल्यावर बटण दाबा. पण हात जोडलेले असताना बटण दाबायचं कुणी? "झालं"च्या आधी आणि नंतर शांतता असेल तरच धरायचं, असंही करून पाहिलं. पण आजींच्या बोलण्यात शांतता सगळीकडेच! शेवटी गटातली सगळ्यात लहान मुलगी, तोवर एक शब्द बोलली नव्हती, ती म्हणाली, "आजींची प्रार्थना कधी संपली हे आपल्याला कळायलाच हवं का?"

यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. खरंच, कशाला कळायला हवं?

आणि हाच प्रश्न दुसरीकडून येऊन आम्हाला धडकला होता. चाचणीत काय काय बिघडलं ते पाहायला आम्ही फोनने टिपलेलं बोलणं वाचत होतो. त्यात आजींची प्रार्थना, अक्षरन् अक्षर. कुणाचं आजारपण, कुणाचं कर्ज, घरातलं एक भांडण. कुणाला न सांगितलेलं. त्या देवाशी बोलत होत्या आणि आम्ही दाराला कान लावून बसलो होतो. १९६६ साली जोसेफ वायझेनबॉम या संगणकशास्त्रज्ञाने 'एलायझा' नावाच्या गप्पा मारणाऱ्या प्रोग्रॅमचा निबंध प्रसिद्ध केला. त्याने पुढे लिहून ठेवलंय, की त्याची सेक्रेटरी त्या प्रोग्रॅमशी बोलायला लागली आणि थोड्या वेळाने त्यालाच म्हणाली, तुम्ही जरा खोलीबाहेर जाता का? तो प्रोग्रॅम तयार होताना तिने पाहिला होता, तरीही. म्हणजे समोर यंत्र आहे हे माहीत असूनही माणूस मन मोकळं करतो. आणि प्रार्थनेत तर करतोच करतो. युरोपात २०१८ पासून लागू असलेला माहितीसंरक्षणाचा कायदा माणसाच्या धर्मश्रद्धेची माहिती त्याच्या आरोग्याच्या माहितीसारखीच खास जपायची मानतो, ते उगाच नाही.

तेव्हा ठरलं. प्रार्थना सुरू झाली की फोनने पहिली ओळ म्हणायची आणि कान मिटायचे. टिपायचं नाही, साठवायचं नाही. फक्त आपल्या नावाची हाक ओळखायची, तीही फोनच्या आतल्या आत. आवाज बाहेर कुठे पाठवायचा नाही.

अरे, वेळ बराच गेला. बाकीचं भरभर सांगतो.

ऐकू येणं. वय झालं की बहुधा उंच पट्टीचे आवाज आधी जातात. स, श, फ हे वर्ण निसटतात, "साठ" आणि "आठ" सारखेच वाटतात. म्हणून ओरडून फायदा नसतो. सावकाश बोला, खालच्या पट्टीत बोला, आकडा दोनदा सांगा. पुन्हा सांगतो, ओरडू नका, सावकाश बोला. हे फोनला जेवढं लागू तेवढंच घरातल्यांनाही. वयस्कर माणसाशी लहान मुलाशी बोलावं तसं लाडिक बोलणारे लोक मला मुळीच आवडत नाहीत. त्यांना ऐकू कमी येतं, अक्कल कमी नसते.

वचनं. ही यंत्रं धर्मग्रंथाच्या भाषेत हुबेहूब वाटणारं, पण ग्रंथात मुळीच नसलेलं वाक्य रचू शकतात. म्हणून वचन रचू द्यायचं नाही. तपासलेल्या प्रतीतून काढून जसंच्या तसं वाचायचं, आणि प्रत कोणती तेही सांगायचं. कारण क्रमांकसुद्धा सगळीकडे सारखे नसतात. गीतेचे श्लोक ७०० मानतात, पण काही प्रतींत तेराव्या अध्यायाच्या आरंभी अर्जुनाचा एक प्रश्न जास्त आहे. तिथे बेरीज ७०१ होते आणि त्या अध्यायातले सगळे क्रमांक एकाने पुढे सरकतात. बायबलमधलं मेंढपाळाचं स्तोत्र हिब्रू क्रमाने २३वं, तर जुन्या ग्रीक क्रमाने २२वं. ज्याने साठ वर्षं एकच प्रत वाचली, त्याला फोनने "तुमचा क्रमांक चुकला" म्हणायचं? त्याची प्रत विचारून घ्यायची आणि लक्षात ठेवायची.

आणि औषधं. "देवावर हवाला ठेवून गोळ्या बंद करू का?" असं कुणी विचारलं, तर फोनने धर्मगुरूही व्हायचं नाही आणि डॉक्टरही. डॉक्टरांशी बोला म्हणायचं, घरच्या माणसाला फोन लावून देऊ का विचारायचं. देवाच्या तोंडची वाक्यं तर मी लिहिणारच नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

हं, आजींचं राहिलंच. नवी, गप्प राहणारी बाई घेऊन आम्ही तिसऱ्यांदा गेलो. फोनने पहिली ओळ म्हटली आणि तो थांबला. आजींनी सावकाश, अगदी सावकाश प्रार्थना केली. कुणी मध्ये बोललं नाही. शेवटी सवयीने म्हणाल्या, "झालं." फोन गप्प. त्यांनी डोळे उघडले, फोनकडे पाहिलं आणि विचारलं, "गेलीस का गं?"

तेव्हापासून आमच्या गटात भांडण चालू आहे. मी म्हणतो, शेवटी एक हळूच "हं" असावा. गोष्ट ऐकणारा देतो तसा हुंकार. ती लहान मुलगी म्हणते, तो हुंकार कोणाचा समजायचा आजींनी? शिवाय "हं" म्हणायचं तर "झालं" ऐकावं लागणार, आणि "झालं" ऐकायचं तर कान पुन्हा उघडावे लागणार. तिचं खरं आहे. माझंही मला खरं वाटतं. परवा आम्ही परत आजींकडे जातोय. या वेळी फोन नेणार नाही, त्यांनाच विचारणार आहोत.

नमस्कार.