ग्रंथालयात भरलेली मिठाची पाकिटे

श्रोतेहो, नमस्कार. विद्यापीठ आणि आंतरराष्ट्रीय संघटना यांच्या संशोधन-भागीदारीचा विषय निघाला की मला बनगावचा दाखला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि तो मी आज सविस्तर सांगणार आहे.

साल १९७१. पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये येत होते आणि सीमेलगतच्या बनगावात पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, थैमान घातले होते. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे एक वैद्यकीय संशोधन केंद्र तेव्हा कलकत्त्यात होते. तेथील बालरोगतज्ज्ञ डॉ. दिलीप महालनबीस जूनच्या अखेरीस बनगावला पोहोचले. रुग्णालयात खाटा होत्या १६, आणि दोन खोल्यांची जमीन रुग्णांनी भरून गेली होती. सलाईन लावायचे तर विष्ठेत आणि उलटीत गुडघे टेकून बसावे लागे, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. त्यातच सलाईनचा साठा अपुरा होता आणि ते लावण्याचे शिक्षण त्यांच्या पथकातील केवळ दोघांना होते.

मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाजले तर पटकीच्या रुग्णाच्या शरीरातून गेलेले पाणी भरून निघते, हे ढाक्यातील कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नालिन आणि रिचर्ड कॅश यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले होते. मात्र ते रुग्णालयात, जाणकारांच्या देखरेखीखाली झाले होते. येथे पाणी पाजणार होते रुग्णाचे आई-बाप, भाऊ आणि शेजारी. तरीही डॉ. महालनबीस यांनी निर्णय घेतला. कलकत्त्याच्या केंद्रातील ग्रंथालयाच्या खोलीत लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम सोडा असे तोलून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरले जाऊ लागले आणि त्या पिशव्यांची तोंडे तापलेल्या इस्त्रीने बंद केली जाऊ लागली. बनगावात हे मिश्रण पिंपांत कालवून तोटीने थेट पेल्यांत सोडले जाई आणि नातेवाईक ते रुग्णाला पाजत. आधी शंभरातील सुमारे तीस रुग्ण दगावत होते. महालनबीस यांच्या पथकाच्या देखरेखीखालील रुग्णांत हे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. पुन्हा सांगतो, तिसांवरून चारांच्याही खाली, आणि तेही नातेवाइकांच्या हातून.

रेडिओवर बोलणाऱ्या माणसाला यातील आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. मिश्रण कसे करावे याची पत्रके सीमेवर वाटली गेली, आणि बांगलादेशच्या एका गुप्त रेडिओ केंद्रावरूनही ती कृती प्रसारित करण्यात आली. ज्या गावात डॉक्टर पोहोचू शकत नव्हता, तेथे ही कृती आवाजावाटे पोहोचू शकत होती.

या कामाचा शोधनिबंध १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधकाची योग्यता निबंधांची संख्या मोजून ठरवण्याची जी रीत आज आपल्या विद्यापीठांत रुळली आहे, ती मला मान्य नाही; बनगावातील माणसे निबंध छापून येण्यापूर्वीच वाचली होती.

भागीदारीचा खरा अर्थ यापुढे कळतो. जागतिक आरोग्य संघटनेचे डॉ. धीमान बरुआ बनगावच्या निर्वासित शिबिरात येऊन हे काम पाहून गेले आणि त्यांनी संघटनेत व युनिसेफमध्ये हा उपाय धाडसाने लावून धरला. १९७८ मध्ये संघटनेचा अतिसार-नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षी ढाक्यातील प्रयोगशाळेचे आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्रात रूपांतर झाले. विद्यापीठाजवळ ज्ञान होते, पण देशोदेशी पाकिटे पोहोचवण्याची यंत्रणा नव्हती. संघटनांजवळ ती यंत्रणा होती, पण बनगावचा पुरावा हाती येईपर्यंत त्यांना खात्री वाटत नव्हती. सामंजस्य करारावर सह्या झाल्या म्हणजे भागीदारी झाली, असे मी मानत नाही. जागेवर असलेल्या माणसाला निर्णयाची मोकळीक असावी आणि त्याने मिळवलेला पुरावा पुढे नेणारा कोणीतरी संघटनेत असावा, हे दोन्ही लागते.

बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने १९८० ते १९९० या काळात सव्वा कोटीच्या आसपास घरांत जाऊन आयांना तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी यांचे मिश्रण शिकवले. आयांच्या ध्यानात किती राहिले यावर शिकवणाऱ्या स्त्रियांचे मानधन ठरत असे. आईवर विश्वास टाकणारी ही पद्धत मला फार योग्य वाटते, आणि आपल्याकडील आरोग्यशिक्षणातही तिला जागा मिळावी असे मला मनापासून वाटते.

संशोधन त्यानंतरही थांबले नाही. निरनिराळ्या देशांतील चाचण्यांनंतर जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००२ मध्ये मिश्रणाचे प्रमाण बदलले. संघटनेच्या आधीच्या मिश्रणातील ग्लुकोज लिटरमागे २० ग्रॅमवरून १३.५ ग्रॅमवर आणि मीठ ३.५ वरून २.६ ग्रॅमवर आले. त्यामुळे उलट्या आणि जुलाब यांचे प्रमाण कमी होते. आपल्या घरी जलसंजीवनीचे, म्हणजे याच मिश्रणाचे, एक लिटरचे पाकीट असेल, तर ते उघडल्यावर पूर्ण पाकीट पूर्ण एक लिटर पिण्याच्या पाण्यातच घालावे. पाकीट अर्धे वापरू नये आणि पाणी कमी घेऊ नये. पूर्ण पाकीट, पूर्ण एक लिटर. नमस्कार.