मनगट तेच, फोन तोच

नमस्कार श्रोतेहो.

मागं सोलापुरातल्या एका कॉलेजात मी मुलामुलींपुढं एक प्रसंग ठेवला. सिद्धेश्वर तळ्याच्या काठावर दोघं बसलेत, वर्षभराचं प्रेम. तिचा फोन वाजतो. तो म्हणतो, दाखव कोण आहे. ती नाही म्हणते. तो तिचं मनगट पिरगाळून फोन हिसकावतो. आता सांगा, चूक कोणाची?

पहिला हात एका मुलीचाच वर आला. "लपवायचं काही नव्हतं तर दाखवायचा की फोन!" मागून एक मुलगा बोलला, "त्यानं हात पिरगाळायला नको होता, पण तिनं पण चिडवलं की." हा 'पण' पुढं कितीतरी उत्तरांत आला.

मग मी एवढंच बदललं, की फोन हिसकावणारा अनोळखी आहे. सगळा वर्ग एका आवाजात म्हणाला, पोलिसांत द्या त्याला! मनगट तेच, फोन तोच. ओळख निघाली की आपण तिची उलटतपासणी घेतो.

असं का होतं? 1966 साली मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांनी एक प्रयोग केला. एका तरुणीला विजेचे झटके बसताहेत, असं लोकांना दाखवलं. खरे झटके नव्हते. ज्यांना ते थांबवता येईना, ते तिलाच नावं ठेवू लागले. जग न्यायानं चालतं ही समजूत मोडण्यापेक्षा तिलाच दोष देणं सोपं जातं. त्यात आपल्याकडं घरातलं बाळकडू वेगळंच. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 45 टक्के बायकांनी आणि 44 टक्के पुरुषांनी कुठल्या ना कुठल्या कारणासाठी नवऱ्यानं बायकोला मारणं योग्य मानलं. अशा घरांतून आलेली मुलं वेगळं काय बोलणार?

तास संपल्यावर तो मागचा मुलगा थांबला. संध्याकाळी तो चादरीच्या दुकानात घड्या घालायला जातो. बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळत हळूच म्हणाला, "मॅडम, मी असं केलंय. राग आला की भानच राहत नाही."

मी विचारलं, "मालक गिऱ्हाइकासमोर बोलतात तेव्हा राग येतो?"

"लई येतो."

"मग त्यांचा हात पिरगाळतोस?"

पट्टा सुटला. बराच वेळ तो काही बोलला नाही.

प्रेयसीची थप्पड खाल्लेल्या मुलालाही मित्र हसतात, हेही मी पाहिलंय. त्याचंही दुखणं खरंच असतं.

कायद्याचं थोडक्यात सांगते. 2005 चा घरगुती हिंसाचाराचा कायदा एका घरात राहणाऱ्या, राहिलेल्या नात्यांसाठी आहे. पण मारहाण हा गुन्हाच. मुलीनं स्पष्ट नाही म्हटल्यावरही पाठलाग करणं, सतत मेसेज करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे. आधी प्रेम होतं म्हणून त्यात सूट नाही.

उद्या मैत्रीण काही सांगायला आली, तर 'तू काय केलंस' हे तोंडावर आलं तरी गिळा. लागलंय का, घरी सोडायला येऊ का, ते विचारा. 181 हा महिलांसाठीचा नंबर तिला द्या. तिची तयारी असेल, तर फोन लागेपर्यंत शेजारी बसून राहा.