खडीच्या पोटात

[दृश्य: कर्दळीची लाल-पिवळी फुलं. कॅमेरा हळूहळू खाली, खडीवर.]

या कर्दळीखालच्या खडीच्या वाफ्यातून सांडपाणी वाहतंय. एसटीपीतून, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून, प्रक्रिया होऊन आलेलं, पण अजून पुरतं निवळलेलं नाही. वास नाही, डबकं नाही, डास नाहीत. पाणी खडीच्या चार बोटं खाली ठेवलंय, म्हणून दिसत नाही.

[दृश्य: हात वरची खडी बाजूला करतो, एक दगड उचलतो.]

हा दगड बघा. खाणीवरून आला तेव्हा कोरडा, खरखरीत होता. आता बोट फिरवलं की घाटाच्या शेवाळलेल्या पायरीसारखा निसरडा लागतो. हा बुळबुळीत थर म्हणजे सूक्ष्मजीवांची वस्ती. इथलं खरं काम तीच करते.

खडी म्हणजे चाळणी, असं आपण धरून चालतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स गावी, मेरिमॅक नदीकाठी, 1880च्या दशकात टाक्यांत वाळू किंवा खडी भरून त्यांवर थांबून थांबून मैलापाणी सोडत. खडीतल्या फटी इतक्या मोठ्या, की जाडा गाळसुद्धा अडू नये. तरी काही महिने पाण्यातला 97 टक्के नायट्रोजनयुक्त सेंद्रिय पदार्थ आणि 99 टक्के जिवाणू नाहीसे होत राहिले. यातली बरीचशी घाण पाण्यात विरघळलेली होती. ती गाळून कशी निघेल? दगडांवरून पाणी पातळ थराने सरकत होतं, सोबत हवा होती, आणि दगडांवरचे जीव ती घाण खात होते.

दोन सेंटिमीटरची खडी घनमीटरभर घ्या. तिच्या दगडांचा सगळा पृष्ठभाग मिळून साधारण 180 चौरस मीटर भरतो. तीन टूबीएचके घरांच्या फरशीएवढी जागा, आणि सगळी राहती!

[दृश्य: वाफ्याचा उभा छेद. मुळं, खडी, पाणी.]

एसटीपीतून आलेल्या पाण्यात बारीक गाळ, अमोनिया, नायट्रेट, फॉस्फेट उरतं. गाळ फटींत बसतो. मुळांजवळ थोडी हवा असते, तिथे अमोनियाचं नायट्रेट होतं. जिथे हवा पोहोचत नाही, तिथले जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि नायट्रोजन वायू होऊन उडून जातो. त्यासाठी त्यांना कार्बन लागतो. कुजलेली मुळं-पानं तो पुरवतात. फॉस्फेटपुढे मात्र साधी खडी लवकर थकते. तिच्याकडून ती अपेक्षा ठेवूच नये.

नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेचं फायटोरिड तंत्र याच वाटेनं जातं: आधी गाळ बसवायची टाकी, मग खडी आणि कर्दळ, पाणकणीस अशा वनस्पती.

[दृश्य: जुने फोटो. वाफ्यावर साचलेलं काळं पाणी.]

एका सोसायटीत असाच वाफा तुंबलेला पाहिला आणि फार वाईट वाटलं. खडी न धुताच भरली होती, दगडाची कच तळाशी घट्ट बसली. आधीच्या टाकीतला गाळ वर्षभर कुणी उपसला नाही, तो खडीत शिरला. पाणी वर आलं. उकरलं तर दगड काळेभोर, कुजक्या अंड्यांचा वास. सगळी खडी काढून धुवावी लागली.

[दृश्य: पाणी बाहेर पडतं ते वाफ्याचं तोंड. काचेच्या ग्लासात पाणी.]

हे पाणी पिण्याचं नाही. झाडांना जाईल.

[दृश्य: माळीदादा टाकीचं झाकण सरकवतात, बांबू आत सोडतात.]

माळीदादा दर महिन्याला गाळ मोजतात. आज बांबूला वीतभर लागलाय. गाडी बोलवायला अजून अवकाश आहे.